अण्णांचा ‘हं’

“तगी! काढ तो कागद, सावकार!” अण्णा कानडी-मराठीत ओरडले आणि माझ्या हातातला तंबोरा आपोआप बेसूर झाला. धारवाडच्या संगीत महाविद्यालयातला बंदिश रचायला शिकवणारा अण्णांचा वर्ग, भर दुपार, आणि माझ्या बाहीत लपवलेली नोटेशनची चिठ्ठी. अण्णा धारवाडात ओरडले की हुबळीत, लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानात, कापडाच्या घड्या मोडायच्या. हे माझे वडील शपथेवर सांगत. आणि गिऱ्हाईक सोडलं तर ते कुणाशी खोटं बोलत नसत.

गेल्या महिन्यात अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मला रागच आला. एवढा आवाज थांबला तर दोन्ही गावांना आपोआप कळायला हवं होतं... फोन कशाला लागावा?

त्यांचा नियम एकच. नवी बंदिश तीन दिवस लिहायची नाही. ती तोंडात घेऊन बाजारात हिंडायचं, बसमध्ये धक्के खायचे. जे विसरलं ते टाकाऊ. “कागदावर किराणा लिहितात,” ते म्हणायचे. “पळून जाणारं गाणं कशाला दावणीला बांधतोस?” त्यांच्या स्वतःच्या बंदिशी अशाच, एकही कागदावर नाही, आणि आम्हा प्रत्येकाच्या गळ्यात आजही जशाच्या तशा.

मी मात्र भीमपलासात असा अंतरा रचला होता की त्यातल्या ताना मोजायला तलाठी आणावा लागला असता. चिठ्ठी गेली आणि दुसऱ्याच ओळीला मी ठार कोरा.

“तीन दिवसांनी ये. अंतरा आला नाही, तर दुकानात बस.”

दुकानात बसवायला वडील टपलेलेच होते. माझं सगळं गाणं त्या तीन दिवसांवर आलं.

हुबळीच्या बसमध्ये अर्धा अंतरा गळाला, उरलेला नवलूरच्या पुढं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या बसचा कंडक्टर दाराशी लोंबकळत हाळी देत होता, “धारवाडाऽऽऽ!” शेवटचा ‘आ’ असा काही खाली सोडत होता, की माझ्या रिकाम्या अंतऱ्यात तोच येऊन बसला. उठायचं नाव घेईना. तिसऱ्या दिवशी मी तेच गायलो. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

“हं,” म्हणाले, चपला घातल्या आणि घरी गेले.

बस्स. दुकान टळलं, पुढं मीही गाणं शिकवू लागलो. इतरांच्या बंदिशींना अण्णांनी तोंडभर शिव्या दिल्या, तोंडभर शाबासकीही दिली. माझ्या वाट्याला तेवढा ‘हं’. किती वर्षं आडून आडून विचारलं! “जेवलास का?” एवढंच उत्तर मिळायचं.

परवा त्यांच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, स्वयंपाकघरात डाळ धूत गुणगुणत होत्या. भीमपलास... माझा अंतरा. कंडक्टरच्या ‘आ’सकट!

“अक्का, हे कुठलं?”

“हे होय? कुकर लावला की हे इथं उभं राहून रोज म्हणायचे. तीनदा अंतरा झाला की मी गॅस बंद करायची. का रे?”

“अहो, माझी बंदिश ती! अण्णा काही बोलले का कधी तिच्याबद्दल?”

अक्कांनी कुकरचं झाकण लावलं.

“नाही बा. आता शिट्ट्या मोजाव्या लागतात.”