आसरांची विहीर

कागदावर सात खून पचवलेल्या लीलाबाई घरात पालीला भ्यायच्या. नवरा फौजेत, कोरेगावाजवळच्या त्या खेड्यात बाई एकट्या. भीती मोडावी म्हणून रहस्यकथा लिहायला बसल्या, तर आगीतून फुफाट्यात! पुस्तकं साताऱ्याच्या वाचनालयांत हातोहात जायची आणि बाई पाठ भिंतीला लावल्याशिवाय जेवायलाही बसायच्या नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं झाडून सगळ्या विहिरींचा गाळ काढला. शेजारच्या हंबीररावांनी तेवढा आपल्या विहिरीचा काढू दिला नाही. म्हणे, विहिरीत आसरा आहेत, पाण्यातल्या त्या सात जणी कोपतील. बाईंना मोठी गंमत वाटली. चौऱ्याहत्तरच्या कादंबरीत त्यांनी तसाच एक बागायतदार घातला आणि गाळाखाली त्याच्या सुनेचं प्रेत.

हंबीररावांची सून अंजना दुष्काळाच्या आधीच नाहीशी झाली होती. पळून गेली, असं गाव म्हणायचं; बाईंनीही ते खरंच धरलं होतं.

पुस्तक आलं आणि एका सकाळी हंबीरराव दारात उभे.

"वैनी, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई, भावजी. मनानंच लिवलं."

"मग ठीक हाय. दादा तिकडं सरहद्दीवर, तुमी हितं एकट्या. जपून ऱ्हावा."

ते गेले. आपण मारलेली थाप खरी निघाली, हे बाईंना कळून चुकलं.

दुपारी अंजनाची आई बनुबाई वडूजहून येऊन थडकली. कुणीतरी तिला पुस्तक वाचून दाखवलं होतं.

"आवं बाई, माजी पोर त्या हिरीत हाय व्हय?"

पलीकडच्या ओट्यावर हंबीरराव सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. बाईंनी ओट्याकडं पाहिलं.

"न्हाई, मावशी. समदं खोटं असतंय त्यात."

"म्हंजी जित्ती हाय!" बनुबाई हसली आणि हसता हसता रडली. "दिवाळीला लुगडं घिऊन ठिवते तिला. यील कवातरी."

ती निघाली. बाईंनी दाराला कडी घातली आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. कडी काढून त्या अनवाणी अंगणात धावल्या. हंबीरराव ओट्यावर उठून उभे राहिले होते.

"मावशी, लुगडं घिऊ नका!" बाई ओरडल्या. "फौजदाराकडं चला. मी येते संगं."