हजेरीपटावरचा खाडा

सोनकांबळे तात्या वर्तमानपत्र वाचायला बसत ते हातात लाल पेन्सिल घेऊनच. वाक्य संपलं की समासात एक अक्षर पडायचं. ‘ब’ म्हणजे बघितलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं आणि ‘जो’ म्हणजे पदरचं जोडलेलं. शाळेतली नोकरी सांभाळून मी लातूरच्या एका साप्ताहिकात जुन्या काळाबद्दल हौसेनं लिहायचो. त्यांना वाचायला दिलेला माझा पहिला लेख परत आला, तेव्हा समासात वरपासून खालपर्यंत ‘जो’ होते. ते म्हणाले, “लई गोड लिवलंय मास्तर. पर तुम्ही तिथं व्हता का?” त्या दिवसापासून लिहायला बसलो की प्रत्येक वाक्यापाशी मी स्वतःला तेच विचारायचो.

दुष्काळात तात्या शिरूर अनंतपाळकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होते. रोज सकाळी नावं पुकारायची, आला त्याच्यापुढं खूण करायची, नाही आला त्याचा खाडा. बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक म्हणून हे काम मिळालेलं. “माझं चुकलं की लोक सगळ्या वाड्याचं चुकलं म्हणायचे,” असं ते सांगत, आणि सांगतानाही घाबरल्यासारखे दिसत.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या संपादकांना विशेषांकाचा जोर चढला. मी त्याच तलावावर लेख लिहिला. या खेपेला ‘जो’ मिळायला नको म्हणून कचेरीत बसून जुने हजेरीपट चाळले. अपघाताचं कुठं नाव नव्हतं. मग शेवट झोकात केला: ‘एवढा तलाव उभा राहिला, पण कुणाला साधं खरचटलंही नाही.’

मजकूर संध्याकाळी छापखान्यात द्यायचा होता. दुपारीच तात्यांकडं गेलो. पेन्सिल भराभर चालली आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबली.

“हे कुणी सांगितलं?”

“हजेरीपटात बघितलं तात्या. तुमच्याच अक्षरात.”

त्यांनी चष्मा काढला.

“गयाबाई व्हती. दुपारी भराव ढासळला तिच्यावर. सकाळी मीच तिची हजेरी लावलेली. सायेब म्हणला, चौकशी लागंल, काम बंद पडंल, लोकं उपाशी मरतील. मी खूण खोडली आन् खाडा टाकला.”

गयाबाईची लेक सखू शेजारच्याच गल्लीत राहायची. तात्यांना मामा म्हणायची, आठवड्यातून एकदा भाकरी-ठेचा घेऊन यायची.

“आई कामावर मेली, हे कचेरीत सांगून सांगून थकली ती. हजेरीचा कागद ‘न्हाई’ म्हणतो. आन् कागद माझा.”

“तात्या, ते वाक्यच काढून टाकतो मी.”

“काढून काय व्हतंय? खरं लिवा. माझं नाव घालून लिवा.”

“सखू वाचेल.”

“त्याचंच भ्या वाटतंय,” ते म्हणाले. “लिवा तरी.”

मी तिथंच बसून लिहिलं. अलंकार एकही सुचला नाही, आणि सुचला असता तर स्वतःची लाज वाटली असती. तात्यांनी ते दोनदा वाचलं आणि समासात ‘ब’ लिहिला.

अंक निघाला. सखू यायची बंद झाली. तात्या दारात खुर्ची टाकून गल्लीकडं बघत बसत. कुणाचं पाऊल वाजलं की मान वर व्हायची. मी तिला निरोप पाठवू का, असं विचारलं तर “नगं, तिच्यावर जोर नगं,” म्हणाले. माझ्यामुळं म्हातारपणी त्यांचं माणूस तुटलं, या विचारानं मला जेवण गोड लागेना. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

अंत्ययात्रेला सखू आली. रडली नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं लेखाचं कात्रण काढलं. घड्या पडून पडून ते मऊ झालं होतं.

“मामानं लई उशीर केला मास्तर,” ती म्हणाली. “पर आता कागद ‘व्हय’ म्हणतो.”