दिवाळसणाचा दरवाजा

आमच्या ह्यांना तुम्ही रस्त्यात पाहिलंत तर पुन्हा वळून बघणार नाही. नाव विठ्ठल, गाव संगमेश्वरकडचं, काम सलमाबादच्या एका वर्कशॉपात दरवाजे बसवण्याचं. घराचे दरवाजे नव्हेत हो. गॅरेजचे, गोदामांचे, कोल्ड स्टोरेजचे, बटण दाबलं की आपोआप वर जाणारे. "बहारीनच्या निम्म्या बंगल्यांतल्या गाड्या मी बसवलेल्या दरवाजाआड झोपतात," असं हे सांगतात. आमच्याकडे सायकलही नाही, ते सोडा.

एरवी बोलतील तर शपथ. पण दरवाजाचा विषय निघाला की ऐका! सुट्टीला मला सीफच्या मॉलमध्ये नेतात आणि मागच्या बाजूला माल उतरवायचं शटर बघत उभे राहतात. "शेवंते, बघ, डावीकडे ओढतंय." ओढू दे मेल्याला! मी झल्लाकच्या रिसॉर्टच्या लॉन्ड्रीत आठवडाभर चादरींना इस्त्री करते, ती काय सुट्टीला शटर बघायला?

भक्ती आमची एकुलती एक. नर्सिंग शिकली, ह्या वर्षी लग्न करून कॅनडाला गेली, एडमंटनला. जावई, परीक्षित, पुण्याचा, स्वभावाने लाख माणूस. तिकडे त्याने कर्जावर एक जुनं घर घेतलंय. खाली गॅरेज, त्यावर एक खोली. गॅरेजचा दरवाजा वाकलेला, खालून चार बोटं फट, त्यातून बर्फ आत. मग वरची खोली काय गरम राहणार? भक्ती व्हिडिओवर दाखवायची, वर जाताना दोन-दोन मोजे घालायची.

गणपतीत कळलं, भक्तीला दिवस गेलेत, बाळ जानेवारीत. आता पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय मी कुणाला सांगायला हवं? लेकीला येता येत नव्हतं, मग माहेर तिकडे जाणार. मी जाणार! व्हिसा आला, रजा मंजूर झाली. तिकिटासाठी लॉन्ड्रीतल्या बायकांची भिशी होती. नंबर अरुणाचा होता, पण बिचारीने स्वतःहून मला दिला. "जा गं, लेक वाट बघत असेल," म्हणाली. पैसे हातात आले तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

आणि नवरात्रात ह्यांनी घोळ घातला.

व्याह्यांचा पुण्याहून फोन होता, व्हिडिओवर आम्ही, भक्ती, परीक्षित, सगळे. बोलता बोलता पहिल्या दिवाळीचा विषय निघाला. जावयाला दिवाळसण काय, अंगठी की घड्याळ, अशी विहीणबाईंची थट्टा चालली होती. तेवढ्यात हे, जे कधी तोंड उघडत नाहीत ते, म्हणाले, "दिवाळसणाला मी दरवाजा देणार."

"कसला दरवाजा, विठ्ठलराव?" व्याही हसायला लागले.

"गॅरेजचा. एक नंबर. थंडीची काय बिशाद आत यायची!"

मी पदराआडून चिमटा काढला. काही उपयोग नाही. ह्यांची छाती पुढे आली होती. आयुष्यभर लोकांना दरवाजे बसवले, आता लेकीला द्यायचा होता. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. अंगठी सगळेच देतात.

मग खर्चाचा अंदाज सुरू झाला. "इथे ऊन बाहेर ठेवायचं, तिथे थंडी बाहेर ठेवायची. दरवाजाला काय कळतंय?" म्हणायचे. पण तसं साधं नव्हतं ते, आणि ह्यांना ते ठाऊक होतं. उणे तीस म्हणजे आपल्या फ्रीझर रूमपेक्षा गार. तेव्हा आत फोम भरलेले जाड पॅनल, खाली न तडकणारं रबर, थंडीत न तुटणारी स्प्रिंग. परीक्षितकडून मापं घेतली, तिथल्या दुकानांचे भाव मागवले, दिनारात फिरवले. एकेक गोष्ट तीनदा तपासली. दरवाजाचे पैसे बरोबर आमच्या शिलकीत बसत होते, माझ्या तिकिटाला हात न लावता. बसवणाऱ्यांचे म्हणून ह्यांनी इथल्याच दराने आपली आणि जोडीदार तौकीरची एका दिवसाची मजुरी धरली. वर मोठ्या मनाने दोघांच्या जेवणाचे पैसे.

ऑर्डर गेली. आगाऊ रक्कमही गेली. मग तिथल्या कंपनीचा पुरा हिशोब परीक्षितने पाठवला.

हे जेवत होते. फोनकडे बघितलं, घास तसाच हातात. "हे दुसऱ्या कुणाचं बिल आलंय," म्हणाले. जावयाला फोन लावला.

"नाही बाबा, आपलंच आहे," परीक्षित म्हणाला. "इथे लेबरच महाग. जुना दरवाजा काढणं, चौकट कुजलीय ती बदलणं, नवीन बसवणं. तुम्ही दरवाजा दिलात ना, बाकीचं आमचं आम्ही बघतो."

"अर्धा दिवाळसण कुणी देतं का?" हे म्हणाले आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळले. "शेवंते, तिथल्या माणसाची एका दिवसाची मजुरी माझ्या महिन्याच्या पगाराएवढी आहे. तेच काम. त्याच स्प्रिंगा."

बावीस वर्षं झाली ह्यांना इथे. कोटेशन करताना पॅनल मोजला, मोटर मोजली, स्क्रूसुद्धा मोजले. माणूस कधी मोजावा लागलाच नाही, इथे तो सगळ्यात स्वस्त. मालकाने मोजला नाही, आणि ह्यांनी स्वतःही नाही. मला त्यांची इतकी दया आली! आणि इतका राग आला की ताट उचलून मोरीत ठेवलं.

कमी पडणारी रक्कम माझ्या तिकिटाएवढी होती. ह्यांनी तोंडाने पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हे नुसते बसून राहायचे. कामावरून यायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. "जावयाला सांगा ना खरं काय ते," मी म्हटलं. "पोटचा नाही पण पोरासारखा आहे."

"व्याह्यांसमोर बोललोय मी."

"मग बोलण्याआधी बायकोकडे बघायचं होतं!"

"चुकलं," म्हणाले. तेवढंच.

तिकडे बर्फ पडायला लागलं होतं. दरवाजा कंपनीच्या गोदामात येऊन पडला होता आणि बसवायला पैसे नव्हते. त्या गारठ्यात पोटुशी लेक, आणि इकडे हा माणूस अन्न टाकून बसलेला. मी काय करणार होते? भिशीचे पैसे काढले, ह्यांच्यासमोर आपटले. "घ्या! घाला त्या दरवाजात!" ह्यांनी मान वर केली नाही. पण घेतले. दुसऱ्या दिवशी पाठवून आले. पुढची भिशी कधी लागेल ती लागेल, बाळ काही थांबणार नव्हतं.

दिवाळी झाल्यावर दरवाजा बसला. भक्तीने व्हिडिओ लावला. पांढऱ्याशुभ्र बर्फात आमचा दरवाजा आवाज न करता वर गेला, खाली आला. हे तर फोनमध्ये शिरायचे बाकी होते. "खाली घे फोन, बाय, रबर दाखव. टेकलंय! एका सुताची फट नाही!" आमच्या लग्नानंतर एवढं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मग भक्ती धापा टाकत जिना चढून वर गेली. पाळणा आणून ठेवला होता, शेजारी पलंग, त्यावर नवी गोधडी.

"आई, हा तुझा पलंग. कालपर्यंत इथे उभं राहवत नव्हतं, आज बघ, मी अनवाणी आहे. आता तारीख सांग. कधी येतेयस?"

हे आपल्या नखांकडे बघायला लागले. उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"रजा मफी गो बाय, नाहीच. साहेबाने दिलेली रजा परत घेतली. आता पुढच्या वर्षी, इंशाल्ला."

भक्ती त्या पलंगावर बसली.

"आई, परीक्षित म्हणत होता, हे वर्ष तसंच काढू. आपण दोघं खाली हॉलमध्ये झोपू, वरची खोली बंद ठेवू. मीच म्हटलं, माझी आई येणार आहे, तिला थंडी सोसणार नाही. म्हणून मी बाबांना दरवाजाला हो म्हटलं. आता वर झोपायचं कुणी?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. वाटलं, आता सांगतील. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यांनी. तेवढ्यात लेकीच्या मागून परीक्षित डोकावला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, असा दिवाळसण कुणाला मिळाला नसेल."

"सांभाळून वापरा," हे म्हणाले, आणि फोन मला परत दिला.