परवापासून बंद

मास्तरांच्या घरात पाहुण्याला बसायला जागा मिळायची नाही, पण गोल्फच्या बॅगांना मिळायची. दुरुस्तीला आलेल्या बॅगा भिंतीला टेकून रांगेत उभ्या असत, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या आजाऱ्यांसारख्या. कुणाची चेन अडकलेली, कुणाचा पट्टा उसवलेला, कुणाचा खिसा चेंडूंच्या भाराने फाटलेला. वहिनी खिडकीपाशी जाड सुईच्या मशिनवर बसायच्या आणि एकेकीचं दुखणं निस्तरायच्या. मास्तरांनी एकेचाळीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्या, वहिनींनी तेवढीच वर्षं त्या शिवल्या. सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नवऱ्याला मास्तर म्हणत, कारण पाठ दुखायला लागल्यावर मैदानावर बॅगा वाहणाऱ्या नव्या पोरांना, कॅडींना, तेच शिकवायचे. वहिनी मात्र त्यांना ‘अहो’च म्हणत आल्या. त्यांचा मास्तर घराच्या उंबऱ्याबाहेरचा होता.

मास्तरांचं शिकवणं साधं होतं. बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावर. उन्हात आपली सावली चेंडूवर पडू द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की खेळणारा चुकला तर त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं. “चुकलेल्या माणसाला आरसा दाखवू नये,” ते म्हणत. “त्याला माहीत असतं.”

विसरणं सुरू झालं तेव्हा आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकदा घराच्या किल्ल्या सापडेनात. चार दिवसांनी एक गिऱ्हाईक हसत हसत त्या घेऊन आलं, मास्तरांनी त्या त्याच्या बॅगेच्या खिशात ठेवून चेन लावून दिली होती. मग रोज सकाळी बूट घालून दारात बसणं सुरू झालं. “आज कुणाची बॅग आहे?” असं विचारायचे. मग धाकट्या लेकीला ओळखेनासे झाले. ती आली की तिच्याशी नव्या गिऱ्हाइकासारखं अदबीनं बोलायचे, आणि ती मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, गोलगोल बोलल्या नाहीत. “सहा महिन्यांनी काय राहील सांगता येत नाही. काही दाखवायचं असेल तर आत्ता दाखवा.”

काय दाखवायचं ते वहिनींना ठाऊक होतं. मास्तरांच्या डोक्यात एक जागा अजून लख्ख होती. लांबच्या बेटावरचं नऊ होलचं मैदान, त्यातलं चौथं होल. समुद्राचा एक पट्टा मध्ये घुसलेला, त्याच्यावरून चेंडू पलीकडे टाकायचा. सव्वीस वर्षांचे असताना मास्तर एका साहेबांची बॅग घेऊन तिथे गेले होते. साहेबांचं मनगट मुरगळलं. ते म्हणाले, “तू मार रे.” मास्तरांनी सात नंबरच्या काठीने मारला, आणि चेंडू एका फटक्यात होलमध्ये. साहेब दिलदार निघाले. एका फटक्यातवाल्यांची नावं लिहायची लाकडी पाटी तिथल्या क्लबात होती, तिच्यावर त्यांनी कॅडीचं नाव रंगवायला लावलं. बड्याबड्यांच्या ओळीत एक बॅग वाहणारा. उभ्या जन्मात मास्तरांचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलं गेलं.

आता ते दिवसातून दहा वेळा विचारायचे, “पाटीवर नाव असेल का गं?”

“असेल ना.”

“कुणाचं?”

या ‘कुणाचं’ने वहिनींची झोप उडाली. नाव पाटीवर होतं, पण वाचणारा दिवसादिवसाने निसटत चालला होता. त्याने ते वाचावं आणि ‘हा मी’ म्हणावं, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं. मोठं मागणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

मास्तरांची जुनी चौकडी होती. त्यातला एक गेल्या साली देवाघरी गेला. उरले लंबूभावजी आणि बंडलभावजी. लंबू चार फूट अकरा इंच. बंडल सांगेल त्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्याला दोनाने भागायचं. दोघेही जन्मभर कॅडी. दोघांनी बेटावर जायचा बेत ऐकला मात्र, आणि उचलून धरला.

“नुसतं एक बेट कशाला?” बंडल म्हणाला. “जन्मभर लोकांना फिरवलं. शुक्रवारी कड्यावरचं मैदान, शनिवारी पुलापलीकडचं बेट, रविवारी लांबचं. साहेबलोकांसारखी सहल.”

“चौथा कोण?” लंबूने विचारलं.

“मी,” वहिनी म्हणाल्या.

“तुम्हाला खेळता येतं?”

“तुम्हाला तरी कुठे येतं, भावजी? बॅग उचलता येते ना, झालं.”

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं झालं. कड्यावरच्या मैदानाच्या हापिसातला माणूस म्हणाला, सभासदाचं पत्र लागेल. वहिनी ज्यांच्या बॅगा शिवत अशा पाच दारांत गेल्या. चौघांनी ‘बघू’ म्हटलं. पाचव्या बाईंनी उंबऱ्यातच कागद मागवून पत्र दिलं. पुलापलीकडचे म्हणाले, आजारी माणूस मैदानात नको. वहिनी तिथे दोन तास बाकावर बसून राहिल्या, शेवटी तिथल्या माणसालाच लाज वाटली आणि त्याने हो म्हटलं. लंबूने जावयाची गाडी मिळवली. राहिली लांबच्या बेटाची लाँच. समुद्र खवळला की ती चार महिने बंद होते आणि मोसम संपत आला होता. लाँचच्या हापिसात वहिनींनी जागा राखून ठेवल्या आणि नंबर बंडलभावजींचा दिला, कारण घरचा फोन हल्ली मास्तर उचलत आणि समोरचा काहीही म्हणो, ‘हो, साहेब’ म्हणून ठेवून देत.

बुधवारी दुपारी बंडल धापा टाकत आला. वहिनी मास्तरांच्या बॅगेचा पट्टा दुहेरी शिवत होत्या.

“वहिनी, लाँचवाल्याचा फोन होता. परवापासून लाँच बंद, म्हणाला. दर्या बिघडलाय.”

मशिनची सुई वर होती ती वरच राहिली. “परवापासून?”

“परवापासून. मी पुढे काय सांगणार, एवढं बोलून त्याने फोन ठेवलासुद्धा.”

वहिनींनी बोटांवर मोजलं. आज बुधवार, उद्या गुरुवार, परवा शुक्रवार. हाती एक दिवस होता, उद्याचा. हातातोंडाशी आलेला घास जातो म्हणतात, इथे निदान अर्धा उरला होता. त्यांनी सगळी सहल उलटी केली. लांबचं बेट आधी, उद्याच. कड्यावरच्या हापिसाला कळवलं, शुक्रवारी जमणार नाही, हे दमले तर? “मग ती वेळ दुसऱ्यांना देतो,” तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी देऊनही टाकली. पुलापलीकडच्याने तर हुश्श केलं. इतक्या पायऱ्या झिजवून मिळवलेलं दोन फोनांत गेलं. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. पाटी त्या दोन मैदानांवर नव्हतीच.

मग त्या लाँचच्या हापिसाला फोन लावत बसल्या, उद्याच्या जागा पक्क्या करायला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना.

“शेवटचा दिवस आहे,” लंबू म्हणाला. “उडाली असेल झुंबड. फोन उचलायला कुणाला सवड?”

ते वहिनींना पटलं. ज्याला बुडायचं नसतं त्याला काडीसुद्धा ओंडका दिसते.

“आपण कधी जायचं?” मास्तर बाजूला बूट घालून बसलेच होते.

“उद्या.”

“परवा तर जाऊन आलो.”

“बरं, पुन्हा जाऊ.”

“साहेब चिडतील. रोज रोज काय?”

बंडल हसला, मग हसू गिळून बाहेर जाऊन उभा राहिला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला गाडी धक्क्यावर पोचली. वहिनींनी मास्तरांना पांढरा सदरा घातला होता, दाढी स्वतः केली होती. वाटेत मास्तर छान बोलत होते. चौथ्या होलवर वारा डावीकडून येतो, झेंड्याकडे बघायचं नाही, झेंडा खोटं बोलतो, गवताकडे बघायचं. लंबू ‘हो मास्तर, हो मास्तर’ करत होता. वहिनी मनात नाम घेत होत्या आणि मधेमधे नाम थांबवून ऐकत होत्या.

धक्क्यावर झुंबड नव्हती. माणूसच नव्हता. लाँच वर काढून फळ्यांवर ठेवली होती, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. तिकिटाची खिडकी लावलेली. एक म्हातारा फाटलेलं जाळं सांधत बसला होता.

“लाँच किती वाजता?” वहिनींनी विचारलं.

त्याने वहिनींकडे, मग बॅगांकडे बघितलं. “लाँच? ती बंद झाली ना.”

“उद्यापासून.”

“सोमवारपासून, बाई. सोमवारी शेवटचे लोक आणले आणि वर घेतली. हापिसातल्याने सगळ्यांना फोन केले काल. तुम्हाला नाही सांगितलं?”

काल बुधवार. बुधवारचा परवा सोमवारसुद्धा असतो. हे वहिनींना आत्ता कळलं.

“दुसरी होडी?” त्या म्हणाल्या. “मासेमारीची? कुणीही. तुम्ही न्याल? बसून राहू आम्ही, हलणारसुद्धा नाही.”

“हा दर्या बघा.” म्हातारा शांतपणे म्हणाला. “तुम्ही बसून राहाल. तो राहायला पाहिजे ना.”

समुद्र धक्क्याला धडका देत होता. पलीकडे, धुरकट उजेडात, लांबचं बेट दिसत होतं. अगदी दिसत होतं. वहिनींनी हात जोडायला वर केले आणि ते अर्ध्यावरच राहिले. काय मागावं ते सुचेना. चार महिने म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

मास्तर बेटाकडे बघत होते. वहिनी त्यांच्यापाशी गेल्या. “अहो, ते बघा. ते बेट. तुमची पाटी आहे तिथे.”

मास्तरांनी बघितलं. “कसली पाटी?”

“नाव आहे ना तुमचं. चौथ्या होलचं.”

“साहेबांचं असेल,” मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. “कॅडीचं नाव कुणी लिहीत नाही.”

वहिनींच्या आत कुठेतरी टाका तुटला. त्या वळल्या. बंडल तिकिटाच्या खिडकीपाशी उभा होता, टोपी हातात, कपाळ फळीला लावून. त्याला विचारायला हवं होतं. वार का नाही विचारलास? तारीख का नाही? आणि हेही त्यांना कळत होतं की त्याने ऐकलं तेच सांगितलं, वार त्यांनीही विचारला नव्हता, परवा म्हणजे शुक्रवार हे त्यांनीच, आपल्या बोटांवर, आपल्या आशेने ठरवलं होतं. तरी कुणाला तरी बोलल्याशिवाय छातीतलं ते उतरणार नव्हतं. त्या दोन पावलं पुढे गेल्या.

“भावजी—”

बंडलने तोंड वर केलं. त्या तोंडावर आज एकही थाप नव्हती.

कुणीतरी वहिनींची बाही ओढली. मास्तर होते.

“ए,” ते हळूच म्हणाले, बाजूच्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने. “तोंडाकडे बघायचं नाही. जमिनीकडे बघ.”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्तर त्यांना ओळखत नव्हते. डोळ्यांत माया होती, पण ती नव्याने कामाला लागलेल्या पोराबद्दल असते तशी.

“नवीन आहेस वाटतं,” ते म्हणाले. “होईल सवय. त्याचं त्याला माहीत असतं चुकलं ते.”

वहिनींनी खाली बघितलं. धक्क्याच्या फळ्या ओल्या होत्या, दोन फळ्यांमधल्या फटीतून पाणी वर येऊन पुन्हा खाली जात होतं. त्या बराच वेळ तिथेच बघत राहिल्या. लंबू गाडीकडे गेला, बंडल त्याच्यामागे गेला.

“चल, खेळ संपला,” मास्तर म्हणाले. “बॅग उचल.”

त्यांनी बॅग उचलली. जन्मात इतक्या बॅगा हाताखालून गेल्या, पण खांद्यावर घ्यायची ही पहिलीच. पट्टा दुहेरी शिवलेला होता, चांगला बसला.

“डाव्या खांद्यावर,” मागून आवाज आला. “नाहीतर परवापर्यंत दुखत राहील.”

वहिनींनी खांदा बदलला.

“बरं, मास्तर,” त्या म्हणाल्या.