आतल्या कोपऱ्याचा कोन

ठमाबाई पायाच्या खड्ड्यात उतरून बसल्या होत्या आणि वर यायला तयार नव्हत्या. हरीशशेठचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगर कॅम्प चारच्या माझ्या ऑफिसात होते. "मॅडम, प्लॅन तुमचा आहे. तुम्हीच या आणि त्यांना समजवा," एवढंच ते म्हणाले.

मी सर्व्हेअर. जागा मोजून नकाशा काढणं हा माझा धंदा. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. अंतर आणि कोन एकदम सांगणारी मशीन मोठ्या कंपन्यांकडे आली होती, माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे कोन मोजणारं जुनं थिओडोलाइट, स्टीलची टेप आणि कॅल्क्युलेटर.

जागा अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरच्या चिखलोलीची. ठमाबाईंनी शेताचा रस्त्यालगतचा त्रिकोणी तुकडा हरीशशेठना द्यायचं कबूल केलं होतं. शेठचं उल्हासनगरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, त्यांना एमआयडीसीच्या जवळ शेड टाकायची होती. मागची जमीन ठमाबाई ठेवणार होत्या. तिथे त्यांची विहीर होती. त्या पाण्यावर भाजी व्हायची आणि रोज सकाळी बदलापूरच्या बाजारात जायची. नवरा गेल्यापासून घर त्या विहिरीवर चाललं होतं. व्यवहार ठरला होता हद्दीच्या तीन दगडांच्या आतल्या जमिनीचा, माझ्या मोजणीत निघेल तेवढ्या गुंठ्यांचा.

आणि आता भिंतीचा खड्डा विहिरीच्या पलीकडून निघाला होता. विहीर शेठच्या आवारात गेली होती.

मोजणी झाली तेव्हा तिन्ही दगड जागेवर होते. मी अंबरनाथकडच्या कोपऱ्यावर थिओडोलाइट लावलं. एक नजर रस्त्याने बदलापूरकडच्या दगडावर, दुसरी आतल्या दगडावर. मधला कोन चाळीस अंश. रस्त्याची बाजू टेपने साठ मीटर भरली. बदलापूरकडच्या दगडापासून आतल्या दगडापर्यंत बांधावरून पावणेचाळीस मीटर. तिसऱ्या बाजूला मात्र टेप लागेना, मध्ये नाला आणि कमरेएवढा चिखल. आतल्या कोपऱ्यावर थिओडोलाइट नेऊन तिथला कोन घेता आला असता. अर्ध्या तासाचं काम होतं. पण डोक्यावर ऊन होतं, बदलापूरची पुढची साइट वाट बघत होती, आणि दोन बाजू नि एक कोन हातात आहे, बाकीचं साइन रूलने ऑफिसात काढू, असा मी विचार केला. त्या कोपऱ्यापर्यंत मी गेलेच नाही. टेपचं टोक घेऊन मजूर गेले होते.

पुढे शेठनी नाल्यात पाइप टाकून मुरमाचा भराव केला. जेसीबीखाली आतला दगड गेला, तिकडचा बांधही गेला. मग मिस्त्रीने माझ्या प्लॅनवरची अंतरं घेऊन खुंट्या ठोकल्या.

मी पोचले आणि सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लागले. साठ मीटर बरोबर. पावणेचाळीस बरोबर. थिओडोलाइट लावून पाहिलं, कोन चाळीस. मनातून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. खड्ड्याच्या काठावर बसून मी ठमाबाईंना टेपवरचे आकडे दाखवले आणि म्हटलं, "मावशी, सगळं जुळतंय. तुमचीच काही गफलत होतेय."

त्यांनी टेपकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाय, टेप खोटी नसंल," त्या म्हणाल्या. "पन दगड हितं नव्हता. रस्त्याकडचे दोन कोपरे चिंचोळे. बैल तिथं वळायचा नाय, नांगर पोचायचा नाय. ते कोपरे कुदळीनं खणायचं काम माजं. लगीन होऊन आले तवापासनं. दोन्ही सारखेच. आतल्या कोपऱ्याला मी कुदळ कंदी लावली नाय. तिथं बैल आपसूक फिरायचा. आता तू सांग, ह्यो बदलापूरकडचा कोपरा तुला चिंचोळा दिसतो?"

मी वळून पाहिलं. खुंट्यांवर दोरी ताणलेली होती. बदलापूरकडचा कोपरा चांगला पसरट होता. प्लॅन उघडला. अंबरनाथकडे चाळीस अंश, बदलापूरकडे चौसष्ट, आत शहात्तर. चाळीस आणि चौसष्ट यांना कुदळ चालवणारी बाई सारखं म्हणणार नाही.

शिवाय मोठा त्रिकोण म्हणजे त्यांना पैसे जास्तच मिळणार होते. आपल्या तोट्याचं खोटं कोण बोलतं? मी विटांच्या थप्पीवर बसले आणि कॅल्क्युलेटर काढला.

साइन रूल सोपा आहे. त्रिकोणाची कुठलीही बाजू घ्या, तिच्या समोरच्या कोनाच्या साइनने भागा, तिन्हीकडे उत्तर एकच येतं. म्हणून दोन बाजू आणि त्यातल्या एकीसमोरचा कोन माहीत असला की दुसरीसमोरचा कोन काढता येतो. मी तसाच काढला होता. साइन आला होता पॉइंट नाइन्टी सेव्हन. उलटा कोन विचारल्यावर कॅल्क्युलेटरने शहात्तर सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

पण एकशेचार अंशांचा साइनही तेवढाच असतो. नव्वदच्या जितकं अलीकडे, तितकंच पलीकडे. कॅल्क्युलेटर त्यातला अलीकडचा एकच सांगतो. दुसरा आहे का हे त्याला कुणी विचारत नाही, आणि तो आपण होऊन बोलत नाही. कॉलेजात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

मग कोसाइन रूल मांडला. तो बाजूंचे वर्ग घेऊन चालतो. न मोजलेली बाजू त्यात घातली की वर्गसमीकरण येतं आणि दोन्ही उत्तरं कागदावर उतरतात, एकही लपत नाही. एक साडेपंचावन्न मीटर, माझ्या प्लॅनवरचं. दुसरं छत्तीस मीटर आणि वर थोडं. दुसऱ्या उत्तराचे कोन काढले. अंबरनाथकडे चाळीस. बदलापूरकडे छत्तीस. आत एकशेचार.

टेपने मी दहा वेळा मोजलं असतं तरी दहाही वेळा बरोबरच आलं असतं, कारण दोन्ही त्रिकोणांत त्या दोन बाजू आणि तो कोन तेच होते.

मी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी प्लॅन माझ्या हातातून घेतला. "मॅडम, हिशेबात दोन निघतात ना? मग दुसराच खरा कशावरून? माझा अर्धा खड्डा खणून झाला."

त्यांचं चुकीचं नव्हतं. अंबरनाथकडच्या कोपऱ्यावरून थिओडोलाइटच्या रेषेत छत्तीस मीटरवर खूण केली आणि तिथे खणायला सांगितलं. भरावाचा मुरूम दोन फूट निघाला, खाली शेताची काळी माती लागली. दगड नव्हता. पण मातीत ओंजळभर कोळसे होते. हद्दीच्या दगडाखाली जुनी माणसं कोळसा पुरायची. दगड हलला, चोरीला गेला, तरी कोळसा कुजत नाही.

हरीशशेठनी एक तुकडा उचलून बोटांत चोळला. मग मिस्त्रीला म्हणाले, "खड्डा भर दो." मला म्हणाले, "गलती कुणाची, ते लिहून द्या." मी तिथेच प्लॅनच्या मागे लिहिलं की कोन प्रत्यक्ष न मोजता हिशेबाने काढला, चूक माझी, आणि सही केली. नवी मोजणी आणि खड्ड्याची मजुरी माझ्याकडे लागली.

ठमाबाई आता वर आल्या होत्या. शेठनी त्यांना स्पष्ट सांगितलं की माई, जागा साडेतीन गुंठ्यांनी कमी भरतेय, तेवढे पैसेही कमी होणार. त्यांनी पदराने हातांची माती पुसली.

"दिलं तेवढंच घेतलं तर पैसं तेवढंच येनार," म्हणाल्या. "त्यात काय."

मग त्या विहिरीकडे चालू लागल्या.

त्या आठवड्यात मी जुने प्लॅन काढून बसले. साइन रूलने कोन काढलेले चार सापडले. त्यातल्या तीन प्लॅनच्या फील्डबुकात, म्हणजे जागेवरच्या नोंदवहीत, तिसरा कोनही मोजलेला होता, ते बरोबर निघाले. चौथ्याच्या फील्डबुकात तो रकाना कोरा होता. त्या प्लॅनवर कुणाचीही तक्रार आली नव्हती, आणि म्हणून इतकी वर्षं मी तो बरोबर धरून चालले होते. मी त्याच्या मालकाचा नंबर शोधला आणि फोन लावला.