धुतलेल्या बाटल्या

दिनकर गेल्याचा फोन हातकणंगल्याहून आला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता त्याला ते कधीच कळणार नाही, असं वाटून मी सुटकेचा श्वास टाकला. याची मला लाज वाटते. आणि लगेच दुसरी शंका… त्याला ते आधीच कळलेलं असलं तर?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं कोल्हापुरात प्राणिशास्त्रात संशोधन करत होतो. दिनकर उचगावचा गडी. समुद्र पाहिला तो थेट एम.एस्सी.च्या सहलीत, आणि खाडीत सोडलेलं कारखान्यांचं पाणी शिंपल्यांत किती मुरतं, हे शोधायचं खूळ त्याने तिथूनच डोक्यात घेतलं. दर महिन्याला एस.टी.ने आंबा घाट उतरायचा आणि बर्फाच्या डब्यात शिंपल्या घेऊन यायचा. वासाने शेजारी उठून गेला, की डबा त्या सीटवर ठेवायचा.

शिंपल्यांतले धातू मोजायचे तर बाटल्या आम्लात भिजवून शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच विसळाव्या लागतात. एकदा तो गावी होता, म्हणून त्या मी धुतल्या. डिस्टिल्ड पाण्याचा प्लँट बंद होता. कंटाळा केला आणि शेवटचं विसळणं पितळी नळाखाली उरकलं. वर्षभर फ्रीजरात जपलेल्या शिंपल्या त्याने नेमक्या त्याच बाटल्यांत विरघळवल्या. तांब्याचे आकडे भलतेच आले. आमच्या गाईड सरांनी सगळं काम बाद केलं.

"विलास, कुणीतरी हात घातलाय बघ. कारखान्याचा माणूस हाय हितं आत!"

"न्हाय रे, असं कसं…" मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

आठवडाभर त्याने शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मग एकाएकी गप्प झाला आणि मुकाट्याने पुन्हा वर्षभर खाडीवर गेला. मला ते गप्प होणंच खटकलं.

पुढे तो हातकणंगल्याला कॉलेजात शिकवू लागला. माझ्या घरी आला की पाण्याचा ग्लास खिडकीकडे धरायचा. "कुणी धुतलाय रं ह्यो?" म्हणायचा आणि हसायचा. त्या हसण्यात काय आहे, हे मी वर्षानुवर्षं चाचपत राहिलो. विचारायची छाती झाली नाही. एक चांगला मित्र मी असा आडून बघण्यात घालवला.

तो गेल्यावर, पंधरा दिवसांपूर्वी मी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, त्याची प्रयोगाची जुनी वही माझ्या हातात ठेवली.

"भावजी, 'ही विलासला द्यायची' म्हणून सांगून ठेवलंतं त्यांनी."

त्या आठवड्याच्या पानावर त्याचं बारीक अक्षर होतं. 'नळाचं पाणी तपासलं. तांबं तिथलंच. बाटल्या विलासने धुतल्या होत्या. विचारायचं नाही. तो आपणहून सांगेल.'

आताशा पाणी प्यायच्या आधी मीही ग्लास खिडकीकडे धरतो. "मीच धुतलाय, दिनकर," असं मोठ्याने म्हणतो. बायको आतून विचारते, "कुणाशी बोलताय?"