डाव्या कुशीवरचे मरण

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी दिवाकरभाऊ वडशाच्या एका दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर मेले आणि डॉक्टरबाईंनी उजवी मांडी रेटताच ओरडले.

दिवाकरभाऊ माझे शेजारी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ते खलनायक करत आणि शेवटच्या अंकात नायकाच्या हातून मरत. चेहरा प्रेक्षकांकडे राहावा म्हणून नेहमी उजव्या कुशीवर धाडकन पडत. "मरणात सफाई पायजे," ते सांगत. "जगून तं सारेच राह्यले." एकदा स्टेजवर मुडदा होऊन पडले असताना कुत्र्याने त्यांचे तोंड चाटले. पापणी हलली नव्हती.

त्या वर्षी त्यांना खुर्चीतून उठवेना. हंगाम तोंडावर आला होता आणि नोकराचे काम करणारा नट त्यांचे संवाद पाठ करून बसला होता. मी त्यांना दवाखान्यात नेले.

"कुठी दुखते? एका बोटानं दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. भाऊंनी दोन्ही हातांनी मानेपासून टाचेपर्यंत दाखवले. बाईंनी पाठ दाबली, भाऊ किंचाळले. गुडघा दाबला; किंचाळले. मग बाईंनी कोपर दाबले. बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले.

"कोपर बी दुखते काऊन, भाऊ?"

"नाई बाई. पण तुमी एवढं दाबून राह्यल्या, तं काही द्या लागते ना."

मी बाईंना कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्या भाऊंना म्हणाल्या, "आता तुमी मेले. मुडद्याचं काम करा."

भाऊ मेले. कोपर, गुडघा, पाठ दाबून झाली, हालचाल नाही. उजवी मांडी उभी करून खाली रेटली, तेव्हा मुडदा "माय वं!" म्हणाला. कुशीवर वळवून खुबा दाबला, पाय दुमडून बाहेर वळवला. दोन्ही वेळा मुडद्याचे बोट त्याच जागी गेले. पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला जुळतो, तो उजवा सांधा.

बाईंनी कमरेचा पट्टा आणि व्यायाम दिले. उजव्या कुशीवर पडणे बंद केले.

"मंग तोंड पडद्याकडं जाईन! पब्लिकले पाठ दाखवून मरू का मी?"

"डोकं दुसऱ्या बाजूले करून मरा, भाऊ."

भाऊ दारातून परत आले. टेबलावर दुसऱ्या बाजूला डोके करून त्यांनी पाहून घेतले.

तालमीत मरणाचा प्रसंग उलटा बसवला. नायकाला खंजीर डाव्या हातात घ्यावा लागला. पहिल्या दिवशी तो स्वतःच्याच शेल्यात अडकला. पट्टा भाऊंनी जरीच्या कोटाखाली बांधला.

धानोऱ्याच्या प्रयोगात भाऊ डाव्या कुशीवर मेले. वन्समोर आला. ते उठले आणि पुन्हा डाव्या कुशीवर मेले.